सहावीचं स्थळ

शरूआत्यांनी पाण्याचा पेला खिडकीकडे धरला, एक डोळा बारीक करून आरपार पाहिलं आणि तोंडाला न लावता तो टेबलावर परत ठेवला. हेडमास्तर गोपीनाथ मिश्र हे सगळं बघत होते. त्यांनी उचललेला स्वतःचा पेलाही हळूच खाली ठेवला.

"पानी मशीन का है, माताजी," ते म्हणाले.

"होगा. भरके कब का रखा है?"

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या हिमानीनं मोबाइलमध्ये मान घातली. तिच्या तक्त्यात पिण्याच्या पाण्याचा रकाना होता आणि त्यात तिनं घरूनच 'आहे' असं लिहून आणलं होतं.

हा तक्ता करायला तिला पंधरा दिवस लागले होते. ब्रह्मा घाटावरच्या घरापासून चालत जाता येतील अशा सहावी ते आठवीच्या सरकारी शाळा तीन. मुलं किती, शिक्षक किती, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, पुस्तकं आहेत का, वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, असं सगळं तिनं इंटरनेटवरून आणि ओळखीपाळखीतून जमवलं होतं आणि प्रत्येक शाळेला दहापैकी गुण दिले होते. पहिलीला आठ, दुसरीला सात, तिसरीला तीन. तिसरी यादीत होती ती केवळ तुलना पुरी दिसावी म्हणून.

हे सगळं तिच्या मुलीसाठी, अंतरासाठी. अंतरा अकरा वर्षांची. बोलताना तिचा पहिला शब्द अडायचा. एकदा तो सुटला की पुढचं वाक्य ठीक येई, पण तो सुटेपर्यंत थांबणारं माणूस लागे. आधीच्या खासगी शाळेत पाचवीला रोज उभं राहून उत्तर द्यायची पद्धत होती. बाई दोन क्षण थांबायच्या, मुलं खुसखुसायची आणि बाई 'नेक्स्ट' म्हणायच्या. दिवाळीनंतर अंतरानं शाळेत तोंड उघडणंच सोडून दिलं. घरी मात्र तिची टकळी सावकाश का होईना, चालू असायची. वाचादोषाच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की लहान वर्ग बघा, जवळची शाळा बघा आणि घाई न करणारी माणसं बघा. नाहीतर मुलगी कायमची गप्प होईल, असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या; पण हिमानीला ते न बोललेलं वाक्यच जास्त ऐकू आलं होतं आणि त्याची तिला फार भीती वाटत होती.

अंतराचे वडील यज्ञेश रेल्वेत. एप्रिलच्या गर्दीत त्यांना मुगलसरायहून सुटी मिळेना.

"आत्याला घेऊन जा," ते म्हणाले होते. "तिला बघायची सवय आहे."

सवय होती, यात शंकाच नाही. काशीतल्या मराठी घरांची लग्नं शरूआत्यांनी तीस वर्षं जमवली होती. स्थळ इंदूरचं असो की नागपूरचं, आत्या स्वतः जाऊन बघायच्या. न कळवता जायचं, गेल्या गेल्या पाणी मागायचं, हात धुण्याच्या निमित्तानं मोरी बघून घ्यायची, आणि खरी माहिती शेजाऱ्यांकडून काढायची, हा त्यांचा शिरस्ता. मन ठरल्याशिवाय त्या घरात घास घ्यायचा नाही, कारण पोहे खाल्ल्यावर नकार द्यायला जीभ रेटत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि नकार द्यायचाच झाला, तर हात जोडून 'घरी बोलून कळवतो' म्हणायचं. आजवर कोणाला काही कळवल्याचं ऐकिवात नव्हतं.

"इमारत खुद की है ना?" आत्यांनी मिश्रांना विचारलं.

"सरकारी है, माताजी."

"अच्छा. और आप लोग कितने भाई?"

"जी?"

"टीचर. टीचर कितने हैं, पूछ रही हूँ."

टीचर सहा होते. भिंतींवर ग्रहगोल रंगवलेले होते, कोपऱ्यात मोठा टीव्ही प्लास्टिकच्या आवरणात बसला होता, पटांगण झाडून लख्ख होतं. मिश्र माणूस सज्जन होता. त्यांनी अंतराकडे बघून विचारलं, "बेटा, सत्रह का पहाड़ा आता है?"

अंतरानं मान हलवली. तिला पंचवीसपर्यंतचे पाढे येत होते.

"सुनाओ."

ती उभी राहिली. ओठ 'स'वर आले आणि तिथेच राहिले. मिश्र थांबले. कामाच्या माणसाला जेवढं थांबता येतं तेवढं थांबले आणि मग त्यांची नजर घड्याळाकडे गेली. त्याच क्षणी शरूआत्यांनी सूत्रं हाती घेतली.

"सत्रह एकम सत्रह, सत्रह दूनी चौंतीस, सत्रह तिया इक्यावन..." एका दमात त्या 'सत्रह दहाम एक सौ सत्तर'ला पोचल्या.

"बहुत अच्छे," मिश्र म्हणाले, पण कोणाला ते त्यांनाही ठरवता आलं नाही. अंतरा खाली बसली. तिचे कान लाल झाले होते.

बाहेर गल्लीत आल्यावर हिमानी म्हणाली, "आत्या, पाढा तिला येत होता."

"मला का माहीत नाही? येतोच तिला." आत्या पुढे चालत राहिल्या. "पण लेकरू असं अडकलं की मला बघवत नाही गं."

हिमानीलाही ते बघवत नसे. तिनं आठाचे साडेसात केले.

दुसरी शाळा बाजाराच्या तोंडाशी होती. आत्या फाटकातून आत गेल्याच नाहीत. त्या समोरच्या चहाच्या टपरीकडे वळल्या.

"भइया, ये सामने वाले हेडसाहब आदमी कैसे हैं?"

"एक नंबर, माताजी. न पान, न तंबाकू."

"घर में कोई झंझट?"

"दो भाई हैं, चूल्हा अलग है, मगर बोलचाल पूरी है. और लड़का तो हीरा समझिए. ऋतुराज. बिजली विभाग में लगा है, अकेला लड़का." चहावाल्यानं फडक्याला हात पुसत आवाज उतरवला. "रिश्ता लेके आयी हैं?"

आत्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांचा हात आपोआप पिशवीत गेला आणि स्थळांची डायरी घेऊन वर आला. "जन्म कहाँ का है?"

हिमानीनं ओठ घट्ट दाबले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते, आवाज मात्र आला नाही.

"आत्या," जरा वेळानं ती म्हणाली, "आपण शाळा बघायला आलोय."

"हो गं, शाळाच. पण माहिती आयती मिळतेय तर टाकायची कशाला?" म्हणत त्यांनी मुलाचं जन्मसाल लिहून घेतलंच.

आत सहावीच्या वर्गात सत्तर मुलं होती. सगळी एकदम बोलत होती आणि त्या कल्लोळातही सुनीती नावाच्या शिक्षिका हसतमुख होत्या. हिमानीनं दबक्या आवाजात अंतराची अडचण सांगितली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि अंतराच्या डोक्यावर हात ठेवला.

"आप बिल्कुल चिंता मत कीजिए. इसको हम पीछे खिड़की के पास बैठा देंगे. कोई कुछ नहीं पूछेगा. तीन साल आराम से निकल जाएँगे."

हिमानीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या मायेनं आजवर कुठल्याच शाळेत कोणी बोललं नव्हतं. तिनं साताचे नऊ केले. अंतरा त्या खिडकीकडे बघत होती. खिडकीबाहेर कडुनिंबावर पोपट होते आणि तिचा चेहरा बराच सैल झाला होता.

तरीही आत्यांनी हात जोडले. "घर पर बात करके बताते हैं."

रस्त्यावर आल्या आल्या हिमानीनं विचारलं, "आता हिच्यात काय खोट काढलीत?"

"खोट नाही. माणसं चांगली आहेत, जपतील पोरीला." आत्या थोडं चालल्या आणि थांबल्या. "पण पाहुणीसारखी जपतील. तीन वर्षं कुणाकडे पाहुणी म्हणून राहायचं म्हणजे अवघड असतं, हिमानी. पाहुणीला कुणी काही विचारत नाही आणि घरातलं काही सांगतही नाही."

"मग मी काय करू?" हिमानीचा आवाज एकदम चढला आणि मधेच फाटला. "एकीत बोल म्हणतात, एकीत बोलू नको म्हणतात. कुठेतरी घालायलाच हवी ना तिला?"

अंतरा दोन पावलं मागे होती. तिनं पायातली चप्पल उगाचच नीट केली.

"तिसरं बघू," आत्या म्हणाल्या.

"तिसरीला तीन गुण आहेत."

"असू देत. तीन गुणांची घरंच मी जास्त बघितलीत."

पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, एकामागून एक तीन वळणं घेत जाणाऱ्या गल्लीत ही शाळा होती. दोन खोल्या, एक ओसरी आणि मधे चौक. त्या पोचल्या तेव्हा चौकात मुलं ओळीनं जेवायला बसली होती. बुधवार होता, म्हणून तहरी होती. बटाटे-मटार घातलेला पिवळाधमक भात. एक बाई पदर खोचून मोठ्या डावानं वाढत होत्या.

"हेडमैडम से मिलना था," हिमानी म्हणाली.

"मैं ही हूँ, मैत्रेयी पांडे. बैठिए. पहले ये लोग खा लें, फिर बात करते हैं." आणि त्या पुढच्या ताटाकडे वळल्या.

आत्या ओसरीवर बसल्या. पाहुणे आले तरी मुलांची पंगत मोडली नाही, हे त्यांना आवडलं, पण तसं त्यांनी दाखवलं नाही. एका मोठ्या मुलीनं तिघींसमोर ताटं आणून ठेवली. अंतरानं आईकडे पाहिलं आणि खायला सुरुवात केली. आत्यांनी आपलं ताट हातभर दूर सारलं.

"मुझे नहीं, बेटा. अभी नहीं."

पंगत उठल्यावर मैत्रेयीबाई हात धुऊन आल्या आणि पायरीवरच बसल्या. आत्यांनी प्रश्न सुरू केले.

"इमारत खुद की?"

"किराये की है."

"टीचर?"

"मुझे मिला के तीन. बच्चे इकतालीस."

"छत?"

"दो जगह टपकती है. बारिश में बाल्टी रखते हैं. और पीछे वाली दीवार पर सीलन है, वो भी देख लीजिए, बाद में मत कहिएगा."

तीस वर्षांत कुठल्याही वरपक्षानं आपलं गळकं छप्पर आणि ओल आलेली भिंत स्वतःहून दाखवली नव्हती. पुढचा प्रश्न काय होता तेच आत्यांना आठवेना.

हिमानीनं मग अंतराबद्दल सांगितलं. दिवसभरात तिसऱ्यांदा सांगताना वाक्यं पाठ झाली होती. मैत्रेयीबाईंनी 'बेचारी' म्हटलं नाही की डोक्यावर हात ठेवला नाही. त्या अंतराला म्हणाल्या, "तुम्हारी मम्मी ने और दादी ने तो सब पूछ लिया. तुमको कुछ पूछना है?"

अंतरानं ताटातून मान वर केली. तिचे ओठ हलले आणि मिटले. पुन्हा हलले. मानेवरची शीर ताठ झाली. आत्यांचं तोंड आपसूक उघडलं, "ये पूछ रही है कि..."

हिमानीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. सून म्हणून आल्यापासून तिनं आत्यांना असं कधी अडवलं नव्हतं. आत्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तोंड मिटलं.

मैत्रेयीबाई अंतराकडे बघत बसल्या होत्या. ना त्यांनी मान हलवून तिला पुढे ढकललं, ना नजर दुसरीकडे नेली. कोपऱ्यातल्या नळावर मुलं ताटं धूत होती. त्यांतली चार धुऊन झाली, पाचवं झालं.

"य... य... यहाँ," अंतरा म्हणाली, "बोलना ज़रूरी है?"

शाळेच्या उंबऱ्याच्या आत दिवाळीनंतर अंतरानं उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं.

मैत्रेयीबाईंनी गंभीरपणे विचार केला. "पानी पीने जाना हो तो पूछना पड़ेगा. बगल वाली तुम्हारी रबर ले ले, तो लड़ना भी पड़ेगा. सवाल मैं सबसे पूछती हूँ, तुमसे भी पूछूँगी. टाइम जितना लगे, लगे. घंटी तो मैं ही बजाती हूँ."

अंतरानं त्या उत्तराचा जरा वेळ हिशेब केला.

"त... तहरी रोज़?"

"बुध और शुक्र. बाकी दिन रोटी, दाल-चावल. मंगल की दाल थोड़ी पतली होती है."

आत्यांनी दूर सारलेलं ताट जवळ ओढलं. तहरी निवली होती. त्यांनी पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि भाताचं शीतही न ठेवता ताट पुसून खाल्लं. हिमानी बघत राहिली. आता 'कळवतो' म्हणायची सोय उरली नव्हती.

"मीठ बेतशीर आहे," आत्या मराठीत म्हणाल्या आणि मैत्रेयीबाईंना हिंदीत म्हणाल्या, "फारम दीजिए."

फॉर्म भरायला दहा मिनिटं लागली. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं अंतरानंच लिहिलं. तिचं अक्षर छान होतं. मोबाइल काढून तीनचा आकडा बदलायचं हिमानीच्या लक्षातही राहिलं नाही.

परतताना आत्यांची चाल मंदावली होती. वाटेत कोणाची विचारपूस नाही, कोणाच्या दारात डोकावणं नाही. हिमानीला वाटलं, ऊन लागलं. मग दुसरं वाटलं.

"आत्या, मघाशी हात ठेवला, त्याचा राग आला का?"

"नाही गं." त्या थांबल्या. समोरून एक वळू येत होता, तो जाईपर्यंत तिघी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. तो गेला तरी आत्या भिंतीपासून हलल्या नाहीत. "मी पण विचारायचे मुलींना. बघायला गेले की शेवटी म्हणायचेच, तुला काही विचारायचंय का म्हणून. प्रत्येकीला विचारलंय."

"मलाही विचारलं होतं."

हे खरं होतं. तेरा वर्षांपूर्वी ग्वाल्हेरला हिमानीला बघायला आत्याच गेल्या होत्या.

"विचारायचे आणि पदर सावरत उठायचे," आत्या म्हणाल्या. "उठतानाच विचारायचे, हिमानी. किती थांबत होते मी? ते एक ताट धुऊन होईपर्यंत तरी थांबत होते का?"

आत्या तिच्याकडे वळल्या.

"तुला तेव्हा काही विचारायचं होतं?"

"आता काय त्याचं, आत्या. तेरा वर्षं झाली."

"होऊ देत. मी थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. पिशवी दोन्ही हातांत धरून, हिमानीच्या तोंडाकडे बघत, भर गल्लीत उभ्या राहिल्या. कोणाच्या जिभेवरचा शब्द काढून घेतल्याशिवाय त्यांना एवढा वेळ उभं राहता येतं, हे हिमानीनं आजवर पाहिलं नव्हतं. दोन सायकली घंट्या वाजवत गेल्या. एका फुलवालीनं तिघींना वळसा घातला. हिमानीला आधी अवघडल्यासारखं झालं, मग तिला नवलच वाटलं, कारण प्रश्न अजून जिथल्या तिथे होता.

"तुमच्याकडे मोठ्यानं हसलेलं चालतं का," ती म्हणाली, "एवढंच विचारायचं होतं. माझं हसणं फार मोठं आहे. माहेरी सगळे ओरडायचे."

आत्यांनी तोंड उघडलं. उत्तर त्यांच्या जिभेवर आलंही असेल, पण ते त्यांनी गिळलं. तेरा वर्षांत आपण या मुलीला मोठ्यानं हसताना ऐकलेलं नाही, हे त्यांच्या त्याच वेळी ध्यानात आलं असावं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

तेवढ्यात मागून अंतरा पुढे आली. तिनं आईचा हात धरला आणि आत्याआजीकडे पाहिलं.

"च..." ती म्हणाली. "च... च..."

दोघी थांबल्या. कोणी मान हलवली नाही, कोणी शब्द पुरवला नाही.

"चालतं," अंतरा म्हणाली. "म... मी आहे ना घरात. मला विचारायचं."

हिमानी हसली. आधी नेहमीसारखे ओठ दाबले, मग ते दाबले जाईनात, आणि ते हसू गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत गेलं. बाजूच्या दुकानातला म्हातारा शिंपी चष्मा कपाळावर सारून बाहेर आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला.

"कुछ नहीं, भइया," शरूआत्या म्हणाल्या. "हमारी बहू है."